गणपूर्ती

माझ्या वडिलांनी पहिली निवडणूक पाहिली तेव्हा त्यांच्या डोक्यावर दोन राजे होते. एक लांबचा, इंग्लंडचा. दुसरा जवळचा, औंधचा. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे होते. आटपाडीकडचं आमचं गाव औंध संस्थानात होतं आणि १९३९ साली संस्थानातल्या गावांनी आपापल्या पंचायती निवडल्या. अण्णांच्या आठवणीत त्या दिवसाचं एकच चित्र शिल्लक होतं. एरवी वाड्याच्या ओट्यावर बसणारे पाटील त्या दिवशी पाराखाली, सगळ्यांच्या बरोबरीने घोंगडीवर बसले होते. मतं कशी पडली, कोण निवडून आलं, हे त्यांना सांगता यायचं नाही. घोंगडीचा रंग मात्र सांगता यायचा.

एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. परिपाठात उद्देशिका किती वेळा म्हटली असेल याचा हिशेब नाही. ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ हे शब्द मुलं एका दमात म्हणतात आणि ‘गणराज्य’वर येऊन श्वास घेतात. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही लोकशाही आणि गणराज्य, म्हणजेच प्रजासत्ताक, हे एकाच अर्थाचे दोन शब्द समजून शिकवलं. प्रजासत्ताक म्हणजे प्रजेची सत्ता, लोकशाही म्हणजे लोकांची सत्ता, असं फळ्यावर लिहायचं आणि पुढे जायचं. एकदा सुट्टीत गावी गेले असताना अण्णांना हे सहज बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मग पंतसरकारांच्या वेळी काय होतं गं?”

त्या प्रश्नाने मला बरीच वर्षं सोडलं नाही.

औंध हे अगदी छोटं संस्थान, जेमतेम ७२ गावांचं, तेही सलग नव्हे; सातारा, सांगली आणि विजापूरच्या मुलखात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे अण्णांचे पंतसरकार, चित्रकार होते, कीर्तन करायचे, आणि सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी इतक्या निष्ठेने केला की आमच्याकडे आजही त्यांचं नाव निघालं की आधी नमस्कारच आठवतात. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर गांधीजींच्या विचाराने भारून इथे आले होते. या मंडळींनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींशी बसून संस्थानाच्या राज्यघटनेचा विचार केला, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती घटना लागू झाली. गावाने पंच निवडायचे, तिथून वर तालुक्याचा कारभार, आणि त्याच्यावर संस्थानाची विधानसभा. कारभाराची सूत्रं लोकांनी निवडलेल्यांच्या हाती. राजाने गादीवर बसून स्वतःच्या हाताने आपले अधिकार खाली उतरवून दिले. त्या काळात अनेक संस्थानं प्रजा परिषदेच्या, म्हणजे संस्थानी लोकांचे हक्क मागणाऱ्या चळवळीच्या, कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकत होती, हे लक्षात घेतलं की या गोष्टीचं मोल कळतं.

आता सांगा, ही लोकशाही होती की नव्हती? माझ्या मते होती. आणि प्रजासत्ताक? ते नव्हतं. गादी होती, राजा होता, पुढचा राजा त्याच घरातला असणार होता. आजही ब्रिटन, जपान, नॉर्वे, डेन्मार्क इथे राजघराणी आहेत आणि तिथल्या लोकशाहीला कुणी खोटं म्हणत नाही. फार लांब कशाला जायचं? १५ ऑगस्ट १९४७ पासून २५ जानेवारी १९५० पर्यंत खुद्द आपला देश स्वतंत्र होता, पंतप्रधान होता, संविधान सभा बसत होती, आणि तरी कायद्याने देशाचा राजा सहावा जॉर्ज होता. बाजारात चालणाऱ्या नाण्यांवर त्याचाच चेहरा होता. संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं तेव्हा अण्णांचा जवळचा राजा गेला. लांबचा राजा आणखी जवळजवळ दोन वर्षं राहिला.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. राजा नाही म्हणून लोकांचं राज्य आलं, असं होत नाही. वैशालीच्या लिच्छवींचं गणराज्य आपण अभिमानाने सांगतो. जातककथेत तिथल्या राजांची संख्या ७७०७ दिली आहे. आकडा शब्दशः घेऊ नये, पण त्यातून एक गोष्ट दिसते: राज्य एकाचं नव्हतं, कुळांचं होतं. संथागारात, म्हणजे सभागृहात, बसून चर्चा करण्याचा हक्क त्या कुळांचा. शेतात राबणारा, मडकी घडवणारा, घरात दासी असलेली बाई, यांना तिथे जागा नव्हती. रोमने राजा हाकलला आणि काही शतकं सरदारांच्या सिनेटने कारभार चालवला. व्हेनिसचं प्रजासत्ताक तर १७९७ पर्यंत टिकलं, मूठभर घराण्यांच्या हातात. आणि उत्तर कोरियाच्या नावात लोकशाही, जनता, प्रजासत्ताक असं सगळं एकदम आहे.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथल्या राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने १७८७ मध्ये लोकशाही आणि प्रजासत्ताक यांत फरक केला. त्याच्या लेखी लोकशाही म्हणजे सगळ्या नागरिकांनी एका जागी जमून स्वतः निर्णय घेणं, आणि प्रजासत्ताक म्हणजे प्रतिनिधी निवडून त्यांच्याकरवी कारभार चालवणं. ‘आम्ही लोकशाही नाही, प्रजासत्ताक आहोत’ असं तिकडे अजूनही म्हणतात, आणि अलीकडे आपल्याकडच्या काही तरुण मुलांच्या तोंडूनही मी ते ऐकलं आहे. मला ते पटत नाही. मॅडिसनने त्या शब्दांना त्याच्या गरजेपुरता अर्थ दिला होता. आपल्याला आपला अर्थ आपल्या इतिहासातून काढावा लागेल, आणि तो इतिहास काही गरीब नाही.

१३ डिसेंबर १९४६ ला पंडित नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्यात भारत ‘स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताक’ होईल असं म्हटलं होतं. लोकशाही हा शब्द नव्हता. कुणी विचारेल हे ओळखून नेहरूंनी भाषणातच खुलासा केला. प्रजासत्ताक म्हटलं की त्यात लोकशाही आलीच, म्हणून जास्तीचा शब्द घातला नाही, असा त्याचा आशय. म्हणजे मी फळ्यावर जे लिहीत होते, तेच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

पण मसुदा समितीने तसं ठेवलं नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मसुदा सादर केला तेव्हा त्या जागी ‘सार्वभौम लोकशाही गणराज्य’ असे शब्द आले. ‘स्वतंत्र’ गेला. समितीचं म्हणणं, सार्वभौम म्हटलं की स्वतंत्र आलंच. म्हणजे शब्दांची काटकसर समितीलाही करायची होती, पण तिने काटला दुसरा शब्द. स्वातंत्र्य गृहीत धरता येतं, लोकशाही गृहीत धरता येत नाही, असं तिला वाटलं असावं, हा माझा अर्थ आहे. समितीने तो लिहून ठेवलेला नाही. पण त्या समितीचा अध्यक्ष कोण होता आणि त्याने आयुष्यात काय काय पाहिलं होतं, हे ध्यानात घेतलं तर हा अर्थ ओढूनताणून लावलेला वाटत नाही.

ज्या लॅटिन शब्दातून इंग्रजी ‘रिपब्लिक’ आला, त्याचा सरळ अर्थ ‘सार्वजनिक गोष्ट’. कुणा एकाची नाही ती. आपल्या गावगाड्यात ‘सार्वजनिक’ हा शब्द सगळ्यात आधी कुठे भेटतो? पाण्यावर. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक तळं, सार्वजनिक नळ. आणि हा शब्द सगळ्यात जास्त खोटा ठरला तोही पाण्यावरच.

महाडचं चवदार तळं. १९२३ मध्ये रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून तळं सगळ्यांना खुलं केलं. निवडून आलेल्या संस्थांनी दोनदा होकार दिला. तीन वर्षं उलटली तरी त्या पाण्याला एकाही अस्पृश्याचा हात लागू शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांबरोबर तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. ठरावाने जे तीन वर्षांत झालं नाही, ते पायी चालत गेल्यावर एका दिवसात झालं. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. मागाहून तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं.

पुढचा भाग आपण शाळेत सहसा शिकवत नाही. मीही कित्येक वर्षं शिकवला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. रीतसर, सभा घेऊन. मग तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी मालकीचं आहे, असा दावा कोर्टात दाखल झाला. तो दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला.

त्या नगरपालिकेला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणता येणार नाही, हे मला मान्य आहे. मताचा हक्क मोजक्यांनाच होता. पण समजा, सगळ्या गावाला मत असतं, तरी त्या काळच्या महाडमध्ये काय कौल आला असता? आपण प्रामाणिकपणे उत्तर देऊ. बहुमताने ते तळं पुन्हा बंद झालं असतं. तेव्हा त्या ओंजळीच्या पाठीशी नुसती मतांची मोजणी पुरली नसती. तिला हवा होता दुसरा आधार: हे पाणी सगळ्यांचं आहे, आणि जे सगळ्यांचं आहे ते कितीही हात वर झाले तरी कुणाकडून काढून घेता येत नाही. माझ्या लेखी प्रजासत्ताक या शब्दाचा गाभा तो. संविधानाचं कलम १५ काढून पाहा. त्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत हक्कांत तळ्याचा उल्लेख आहे. मुलांना ते कलम वाचून दाखवताना शेवटच्या काही वर्षांत मला आवाज सांभाळावा लागायचा.

मग प्रजासत्ताक हा लोकशाहीचाच एक प्रकार का? मला आता वाटतं, ते दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्य कुणाच्या मालकीचं, हा एक. त्या राज्यात निर्णय कुणी घ्यायचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘कुणा एकाच्या नाही, कुणा घराच्या नाही, कुणा जातीच्या नाही’ असं आलं की प्रजासत्ताक. दुसऱ्याचं उत्तर ‘सगळ्यांनी’ असं आलं की लोकशाही. औंधमध्ये दुसऱ्याचं उत्तर बरंचसं बरोबर होतं, पहिल्याचं नव्हतं. वैशालीत पहिल्याचं अर्धं बरोबर होतं, दुसऱ्याचं नव्हतं. २६ जानेवारी १९५० ला आपण दोन्ही उत्तरं एकदम लिहिली, आणि तीही अशा देशात, जिथे आधीच्या कायद्यानुसार थोड्याच लोकांना मत होतं.

दोन्ही उत्तरं एकदम लागतात, याची खूण मला रोज दिसते. एकाच घरातला आजोबा, मग मुलगा, मग नातू, एकाच मतदारसंघातून निवडून येतात. लोकशाहीला यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मतं पडली, मोजली, जिंकले. पण तिथले कार्यकर्ते ‘गादी’, ‘वारसदार’, ‘युवराज’ हे शब्द सहज वापरतात तेव्हा प्रजासत्ताकाने दुखावलं जायला हवं. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो मला या अर्थाने प्रजासत्ताकाचा इशारा वाटतो. लोकशाहीचं बाह्य रूप राहील आणि आत हुकूमशाही येईल, निवडणुकीत कुणाला प्रचंड बहुमत मिळालं तर हा धोका वाढेल, असंही ते त्या दिवशी बोलले.

उलटही घडतं. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ देशातल्या सगळ्यात श्रीमंत पालिकेचा कारभार प्रशासकाने पाहिला. राज्यातल्या इतर अनेक महापालिका, जिल्हा परिषदा यांचंही तेच झालं. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा, अशी कारणं होती आणि त्यातली काही खरीही होती. पण एवढा काळ नगरसेवक नाहीत, याचं फारसं दुःख कुणाला झालेलं मी पाहिलं नाही. रस्ते झाडले जात होते, पाणी येत होतं. कुणा एका घराचं राज्य नव्हतं, सगळं कायद्याच्या चौकटीत होतं. फक्त लोकांना कुणी विचारत नव्हतं. तिथे प्रजासत्ताक शाबूत होतं आणि लोकशाही रजेवर होती.

शब्दांचंही आपलं असं आहे. प्रजा म्हणजे संततीही आणि राजाची रयतही. प्रजासत्ताक म्हणतानाही ‘प्रजा’ काही सुटत नाही. निवडणूक आली की वर्तमानपत्रं ‘मतदारराजा’ लिहितात. म्हणजे एकतर आम्ही प्रजा, नाहीतर एका दिवसाचे राजे. नुसतं माणूस म्हणून, नागरिक म्हणून उभं राहण्याची आपल्या भाषेला अजून सवय झालेली नाही. अण्णांना तर ‘सरकार’ या एका शब्दात पंतप्रतिनिधीही सापडायचे, मामलेदारही आणि रेशनचं कार्डही. “सरकारने दिलं,” असं ते म्हणायचे. एकदा मी त्यांना विचारलं, “पंतसरकारांनी पंचायती दिल्या. त्यांच्या मागून आलेल्याने परत घेतल्या असत्या, तर?” ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते चांगले होते गं. म्हणून दिलं त्यांनी.” आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “चांगले नसते तर मिळालं नसतं.” मला जे समजायला पुस्तकं लागली, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. औंधवरचा माझा जीव त्याने कमी झाला नाही. पण मिळालेलं आणि आपलं असलेलं यांतलं अंतर कळलं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, मतदारयादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावं गळाली. त्यांनी नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशीच नोंद झाली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी काढून टाकायला लावल्या. मताचा हक्क हवा तर स्वतःच्या नावाने हवा. तेव्हा त्या २८ लाख जणींचं मत बुडालं, याचं मला वाईट वाटतं. तरी सेनांनी केलं ते बरोबर होतं, असंही वाटतं. कुणाची तरी म्हणून जी यादीत येते, ती प्रजाच राहते. निवडणुकीच्या ड्युटीवर असताना बोटाला शाई लावण्याआधी पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने पुकारतो. एखादी म्हातारी स्वतःचं पूर्ण नाव परक्या माणसाच्या तोंडून कानावर पडलं की जराशी दचकते. मी ते कितीतरी केंद्रांवर पाहिलं आहे.

निवृत्तीनंतर मी गावीच राहते. गेल्या २६ जानेवारीला झेंडावंदन झालं, शाळेतल्या मुलांनी उद्देशिका म्हटली, जिलबी वाटली आणि ग्रामसभा सुरू झाली. आमच्याकडे ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी कमी असेल तेवढी हजेरी लागते. तिला गणपूर्ती म्हणतात. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे बरेचदा पहिली सभा होतच नाही. दुसऱ्या वेळी दहाबारा माणसं बसून सगळं मंजूर करतात. ‘गणपूर्ती’ या शब्दाकडेही माझं लक्ष उशिराच गेलं. बौद्ध संघाच्या सभेत संख्या पुरी करण्याची जबाबदारी असणाऱ्याला गणपूरक म्हणत. मत घेण्यासाठी शलाका, म्हणजे काड्या, वाटत. संसदीय सभेचे हे नियम संघाला माहीत होते, असं बाबासाहेबांनी त्या शेवटच्या भाषणात मुद्दाम सांगितलं होतं. गणराज्यातला गण आणि गणपूर्तीतला गण एकच.

त्या दिवशी नोंदवही नेहमीसारखी सभेआधीच फिरायला लागली. आधी सही, मग विषय. माझ्या शेजारी बचत गटातली एक बाई बसली होती. तिने वही हातात घेतली, पेन मात्र घेतलं नाही. म्हणाली, “आधी वाचा. मग सही करते.” ग्रामसेवक म्हणाले, “अहो ताई, नेहमीचेच विषय आहेत.” ती म्हणाली, “नेहमीचेच असतील. पण वाचा.” मागून कुणीतरी हसलं. मग आणखी दोघींनी सही न करता वही मांडीवर ठेवली.

ग्रामसेवकांनी वाचायला सुरुवात केली. आठव्या विषयाला गावतळ्यातला गाळ काढण्याचं काम होतं, आणि तळ्याच्या काठची जागा एका संस्थेला वापरायला देण्याचं त्याच्याच शेवटच्या ओळीत होतं. त्यावर दीड तास बोलणं झालं. तळं कुणाचं, जागा कुणाची, उद्या जनावरं पाण्यावर कुठून न्यायची. जे लोक जिलबी घेऊन घरी निघाले होते, ते आवाज ऐकून फाटकातून परत आले. लिपिकाने पुन्हा डोकी मोजली. एकशे चौदा भरली.

ती शेवटची ओळ ठरावातून निघाली. मग त्या बाईने वही पुढे ओढली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर दाबून.